बसप्रवासी, पदपथ आणि पेठ : बंगळुरूचा अनुभव

नागरी वाहतुकीची चर्चा बहुधा वाहनांभोवती फिरते. किती नव्या बसगाड्या घेतल्या, मेट्रोचा कोणता टप्पा पूर्ण झाला, उड्डाणपुलावर किती खर्च आला, हे प्रश्न वारंवार विचारले जातात. परंतु बसने प्रवास करणारी प्रत्येक व्यक्ती प्रवासाच्या आरंभी आणि शेवटी पादचारी असते. घरापासून थांब्यापर्यंतचे आणि उतरल्यावर कामाच्या जागेपर्यंतचे काही शे मीटर तिला पायीच कापावे लागतात. हे अंतर सुरक्षित व सुसह्य असेल तरच ती बसमध्ये टिकून राहते, अन्यथा ऐपत येताच दुचाकी विकत घेते. नागरी वाहतूक धोरणाच्या यशापयशाचा मोठा भाग या थोड्याशा अंतरावर ठरतो. बंगळुरूतील बसस्थानके आणि त्यांना लागून असलेल्या गजबजलेल्या वस्त्या हा प्रश्न समजून घेण्यासाठी विशेष उपयुक्त आहेत.

दोन शहरे, तीन केंद्रे

बंगळुरूची स्थापना केंपेगौडा (पहिले) यांनी १५३७ मध्ये केली असे मानले जाते. त्यांनी वसवलेल्या मूळ नगराला कन्नडमध्ये ‘पेटे’ म्हणतात. मराठीतील ‘पेठ’ आणि हा शब्द एकाच कुळातले आहेत. पुण्याच्या पेठांची नावे बहुतांशी वारांवरून वा व्यक्तींवरून पडली, तर बंगळुरूच्या अनेक पेठांची नावे व्यवसायांवरून पडली. अक्किपेटे ही तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची, कुंबारपेटे कुंभारांची आणि गाणिगरपेटे तेल्यांची. १६३८ मध्ये आदिलशाही सैन्याने हे शहर जिंकल्यानंतर ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले आणि १६८७ पर्यंत भोसले घराण्याकडे राहिले. त्यानंतर ते म्हैसूरच्या वडियार घराण्याकडे गेले.

१८०९ च्या सुमारास ब्रिटिशांनी जुन्या नगराच्या ईशान्येस लष्करी छावणी वसवली. तेव्हापासून जुने नगर आणि छावणी अशी दोन शहरे शेजारी-शेजारी वाढत गेली. दोहोंची नगरपालिका वेगळी, बाजारपेठ वेगळी आणि रस्त्यांची रचनाही वेगळी होती. १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिकांचे एकत्रीकरण होऊन महानगरपालिका अस्तित्वात आली. या दुहेरी इतिहासाची खूण शहराच्या बसव्यवस्थेत आजही दिसते. जुन्या नगराच्या बाजूला केंपेगौडा बसस्थानक (लोकांच्या बोलीत ‘मॅजेस्टिक’) व कृष्णराजेंद्र मार्केट, तर छावणीच्या बाजूला शिवाजीनगर अशी तीन प्रमुख केंद्रे आहेत. शहरातील असंख्य बसमार्ग या तीनपैकी एका केंद्रातून निघून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे उपनगरांकडे जातात.

सार्वजनिक बसव्यवस्थेचा इतिहासही असाच टप्प्याटप्प्याने घडला. १९४० मध्ये एका खाजगी कंपनीच्या रूपाने शहरात संघटित बससेवा सुरू झाली. १९५६ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे ती राज्य परिवहन महामंडळाचा भाग बनली. १५ ऑगस्ट १९९७ रोजी शहरी सेवा वेगळी काढून बंगळुरू महानगर परिवहन महामंडळ, म्हणजेच बीएमटीसी, स्थापन करण्यात आले. आज या महामंडळाकडे सहा हजारांहून अधिक बसगाड्या असून देशातील मोठ्या शहरी बससेवांत तिची गणना होते. दुसरीकडे, शहरातील नोंदणीकृत खाजगी वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. रस्त्यावरील जागेसाठी चाललेली ही विषम स्पर्धा लक्षात ठेवूनच या वस्त्यांकडे पाहावे लागते.

मॅजेस्टिक : तलावाच्या जागी बसस्थानक

केंपेगौडा बसस्थानक जिथे उभे आहे तेथे पूर्वी धर्मांबुधी नावाचा तलाव होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट जलाशयाचे पाणी नळाने शहरात येऊ लागले. तलावाचे महत्त्व घटले, तो हळूहळू आटला आणि कालांतराने त्याच्या कोरड्या पात्राचा उपयोग बसस्थानकासाठी झाला. ‘मॅजेस्टिक’ हे नाव मात्र जवळच्या एका चित्रपटगृहावरून पडले. चित्रपटगृह गेले, नाव राहिले.

नवख्या प्रवाशाला येथे प्रथम जाणवते ती अंकांची भाषा. बसच्या पाटीवरील कन्नड अक्षरे वाचता न येणारा बेळगाव-कोल्हापूरकडचा मराठी माणूससुद्धा क्रमांक लक्षात ठेवून योग्य गाडीत चढू शकतो. ३३५-ई ही गाडी पूर्वेकडील कॉर्पोरेट वसाहतींतून काडुगोडीपर्यंत जाते. पाचशेच्या मालिकेतील गाड्या बाह्य वर्तुळाकार रस्त्यावरून धावतात आणि विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या क्रमांकाआधी ‘केआयए’ ही अक्षरे असतात. २०२३ मध्ये महामंडळाने प्रवाशांसाठी मोबाइल उपयोजनही उपलब्ध करून दिले.

बसस्थानकासमोर रेल्वेस्थानक आहे, लागूनच राज्य परिवहनाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक आहे आणि २०१७ पासून मेट्रोच्या दोन मार्गिकाही येथेच भूमिगत स्थानकात एकमेकींना छेदतात. वाहतुकीची चार साधने इतक्या जवळ येणे ही दुर्मिळ सोय होय. ही चारही साधने जोडण्याचे काम प्रत्यक्षात प्रवाशाचे पायच करतात. सामान घेतलेला प्रवासी, लहान मूल कडेवर असलेली आई आणि काठीच्या आधाराने चालणारा वृद्ध यांच्यासाठी पादचारी पूल, भुयारी मार्ग, जिने व उतार यांची अवस्था कशी आहे, यावर या सोयीचे मोल अवलंबून असते.

कृष्णराजेंद्र मार्केट : पहाटेचा बाजार

मॅजेस्टिकपासून दोन-अडीच किलोमीटरवर कृष्णराजेंद्र मार्केट आहे. १९२१ मध्ये बांधलेल्या या बाजाराला म्हैसूरचे तत्कालीन महाराज कृष्णराज वडियार (चौथे) यांचे नाव देण्यात आले. जवळच हैदरअलीने १७६१ मध्ये दगडात बांधून काढलेल्या किल्ल्याचे अवशेष आणि टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आहे. बाजारासमोरून उड्डाणपूल जातो, खालून वाहनांची रांग सरकत असते आणि रस्ता ओलांडण्यासाठी भुयारी मार्ग आहे. कलासिपाळ्य हे दुसरे मोठे बसस्थानकही हाकेच्या अंतरावर आहे.

या बाजाराचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. आसपासच्या जिल्ह्यांतून झेंडू, शेवंती, मोगरा, अबोली आणि सुगंधराज, म्हणजे आपल्याकडची निशिगंधाची फुले, पोत्यांतून येतात. घाऊक व्यापारी आतल्या बाजूस बसतात, किरकोळ विक्रेत्या बाहेर पदपथावर गजरे ओवत असतात. सकाळच्या बसने कामावर निघालेल्या स्त्रिया उतरल्याबरोबर हातभर गजरा विकत घेतात. संध्याकाळी त्याच पदपथावर परतीच्या प्रवाशांसाठी भाजी, फळे आणि खाद्यपदार्थ मांडलेले असतात. येथील विक्रेते ग्राहक असेल तेथे दुकान मांडतात आणि ग्राहक असतो तो बसथांब्यापाशी. अनेक विक्रेत्याही पहाटेच्या बसनेच टोपल्या घेऊन येतात. त्यामुळे बसव्यवस्था आणि पथविक्री ही एकमेकांची विरोधक नसून एकाच अर्थव्यवस्थेची दोन अंगे आहेत.

घाईतल्या प्रवाशाची गरज ओळखूनच बंगळुरूत १९८० च्या दशकात ‘दर्शिनी’ या उपाहारगृहांचा प्रकार रूढ झाला. तेथे पैसे देऊन कुपन घ्यावयाचे, खिडकीवर इडली-वडा व कॉफी घ्यावयाची आणि उभ्यानेच खाऊन पुढे निघावयाचे. टेबल-खुर्च्या नसल्याने जागा कमी लागते आणि दरही आवाक्यात राहतात. बसस्थानकांच्या परिसरात ही उपाहारगृहे जागोजागी आढळतात.

शिवाजीनगर : छावणीचा बाजार

शिवाजीनगर हा भाग ब्रिटिश काळात ब्लॅकपल्ली या नावाने ओळखला जात असे. छावणीतील सैनिक व अधिकारी यांच्या गरजा भागवणारे कारागीर व व्यापारी येथे स्थायिक झाले. तमिळ, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा अनेक भाषा येथे एकाच गल्लीत ऐकू येतात. सेंट मेरी बॅसिलिका, जुन्या मशिदी, देवळे आणि रसेल मार्केट यांच्यामध्ये बसस्थानक वसलेले आहे. रसेल मार्केटची इमारत १९२७ मध्ये उभी राहिली. फेब्रुवारी २०१२ मध्ये लागलेल्या आगीत तिचे मोठे नुकसान झाले. तथापि बाजार हलला नाही. शतकभराच्या ग्राहकांच्या सवयी आणि दाराशी असलेले बसस्थानक ही त्यामागची प्रमुख कारणे होत.

पदपथावरील संघर्ष

या तिन्ही ठिकाणी एक समान अडचण दिसते. बसमधून उतरलेल्या प्रवाशाला चालावयास जागा अपुरी पडते. पदपथावर विक्रेते असतात हे खरे. परंतु तेथेच वीजपेट्या, जाहिरातींचे खांब, उघडी गटारे, दुरुस्तीसाठी काढलेली माती आणि चढवून लावलेल्या दुचाकीही असतात. प्रवासी नाइलाजाने रस्त्यावर उतरतो, त्याला चुकवण्यासाठी बस थांब्यापासून दूर उभी राहते, तिच्या मागे वाहने खोळंबतात आणि गर्दीचा ठपका विक्रेत्यावर येतो. या साखळीतील विक्रेता हा सर्वांत दुर्बळ दुवा असल्याने कारवाई बहुधा त्याच्यावरच होते. काही दिवसांत बाजार पुन्हा भरतो, कारण त्याला जन्म देणारी गरज कायम असते.

या प्रश्नाची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. हे प्रमाण जवळजवळ एक पंचमांश आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी : १०३ या मार्गदर्शक संहितेत पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान १.८ मीटर असावी असे म्हटले आहे. पदपथाचे तीन पट्टे कल्पावेत, असे संहिता सांगते. इमारतीलगतचा एक, चालण्यासाठी मोकळा मधला एक, आणि झाडे, दिवे, बाके इत्यादींसाठी रस्त्याकडेचा एक. बसथांबा व विक्रेते यांना तिसऱ्या पट्ट्यात जागा दिली तर मधला पट्टा मोकळा राहू शकतो.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. उपजीविकेचा हक्कही याच अनुच्छेदाचा भाग आहे, हे न्यायालयाने १९८५ मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात सांगितले होते. पथविक्रेत्यांना वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून व्यवसाय करण्याचा हक्क अनुच्छेद १९ (१) (छ) अन्वये आहे, असे १९८९ च्या सोदान सिंग निकालात मान्य झाले. म्हणजेच चालणारा आणि विकणारा, दोघेही मूलभूत हक्कांच्या आधारे एकाच पदपथावर उभे आहेत. एकाला हटवून दुसऱ्याला न्याय देण्याचा मार्ग घटनेला अभिप्रेत नाही.

२०१४ चा कायदा

पथ विक्रेता (उपजीविका संरक्षण व पथ विक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा १ मे २०१४ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने नगर पथविक्रेता समिती स्थापन करावयाची असते. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे नियोजन व्हावे, अशा तरतुदी आहेत.

‘नैसर्गिक बाजार’ ही या कायद्यातील सर्वांत अर्थपूर्ण संकल्पना आहे. विक्रेते व ग्राहक परंपरेने जेथे एकत्र येत आले ती जागा म्हणजे नैसर्गिक बाजार. सर्वेक्षणात आढळलेला असा बाजार विक्रीस मनाई असलेले क्षेत्र म्हणून घोषित करता येत नाही. मॅजेस्टिक, कृष्णराजेंद्र मार्केट आणि शिवाजीनगर येथील पदपथ या व्याख्येची बोलकी उदाहरणे आहेत. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेने विक्रेत्यांना तारणाविना खेळते भांडवल मिळू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची कर्जमुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवून पहिल्या हप्त्याची रक्कम १०,००० वरून १५,००० रुपये केली. मात्र भांडवल मिळूनही बसावयास निश्चित जागा नसेल तर त्या भांडवलाची सुरक्षितता राहत नाही.

महाराष्ट्रातही हा प्रश्न नवा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. चेंगराचेंगरीचा धोका असलेल्या पुलांवर व जिन्यांवर अशी मनाई आवश्यकच आहे. तथापि दादरसारख्या ठिकाणी प्रवाशांच्या गरजेतून उभ्या राहिलेल्या बाजाराला पर्यायी जागा जवळपास न मिळाल्यास मनाई कागदावर राहते.

जबाबदारीची विभागणी

थांब्याभोवतालचे काही शे मीटर सुधारणे खर्चाच्या दृष्टीने अवघड नाही. अडचण आहे ती प्रशासकीय रचनेची. बीएमटीसी हे मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० खालील राज्य शासनाचे महामंडळ आहे. वाहतूक नियंत्रण पोलिसांकडे, पदपथ महानगरपालिकेकडे, मेट्रो केंद्र व राज्य यांच्या संयुक्त कंपनीकडे, पाणी व मलनिस्सारण वेगळ्या मंडळाकडे, तर वीजवितरण आणखी एका कंपनीकडे आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते व पूल, दिवाबत्ती, वाहनतळ आणि बसथांबे यांचा समावेश आहे. नागरी वाहतूक हा विषय मात्र त्यात नाही. त्यामुळे बसथांबा नगरपालिकेच्या कक्षेत आणि थांब्यावर येणारी बस राज्य महामंडळाच्या कक्षेत, अशी विभागणी घटनात्मक रचनेतच रुजलेली आहे. मुंबईची बेस्ट ही महानगरपालिकेचाच उपक्रम असल्याने तेथे स्थिती वेगळी आहे, परंतु केवळ मालकी एक असल्याने समन्वय आपोआप साधतो असे तेथील अनुभवावरूनही म्हणता येत नाही.

ही त्रुटी दूर करण्याचे प्रयत्न झाले आहेत. एप्रिल २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ने-आणीला प्राधान्य देण्याचे तत्त्व मांडले आणि मोठ्या शहरांसाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरणाची शिफारस केली. कर्नाटकाने बंगळुरू महानगर भू-वाहतूक प्राधिकरणाचा कायदा २०२२ मध्ये केला. २०२५ मध्ये बृहत् बंगळुरू प्राधिकरण स्थापन होऊन एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. अनेक बसमार्ग आता एकाहून अधिक महानगरपालिकांच्या हद्दीतून जातात. पदपथाचा दर्जा हद्द बदलताच बदलू नये, यासाठी समान मानकांची गरज त्यामुळे अधिकच वाढली आहे.

यश आणि मर्यादा

बंगळुरूने या दिशेने काही प्रयोगही केले. ‘टेंडर शुअर’ या नावाच्या रस्तेरचनेत मध्यवर्ती भागातील निवडक रस्त्यांखाली जलवाहिन्या व तारा यांसाठी स्वतंत्र नळमार्ग बांधून वर रुंद पदपथ केले गेले. त्यामुळे वारंवार खोदकाम करण्याची गरज कमी होते. २०१९ मध्ये बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका आखली गेली. पुढे मेट्रोच्या बांधकामात ती टिकली नाही. पहिला प्रयोग प्रामुख्याने मध्यवर्ती, संपन्न भागात झाला, तर दुसरा नव्या कार्यालयीन पट्ट्यात. बसप्रवाशांची सर्वाधिक दाटी असलेल्या जुन्या पेठांपर्यंत अशी रचना पोहोचणे हे पुढचे आव्हान आहे.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातील महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास मिळतो. घरकाम, शिवणकाम, फुलविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या हाती त्यामुळे रोजचे काही रुपये उरू लागले आणि लांबच्या कामाचा पर्यायही खुला झाला. या सवलतीचा भार महामंडळावर पडू नये म्हणून शासनाकडून होणारी भरपाई वेळेवर मिळणे आवश्यक आहे. त्याचबरोबर, तिकीट मोफत असले तरी अंधाऱ्या थांब्यावर उभे राहण्याची भीती मोफत प्रवासाने जात नाही. दिवे, स्वच्छतागृह आणि थांब्याजवळची माणसांची वर्दळ या गोष्टी स्त्रीच्या प्रवासस्वातंत्र्याचा भाग आहेत. उशिरापर्यंत उघडी असलेली चहाची वा फुलांची टपरी ही अशा वेळी थांब्याची राखणच करीत असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-ई-बस सेवा योजनेत देशातील शहरांसाठी १०,००० विद्युत बसगाड्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. अशा योजनांत गाड्यांइतकाच विचार थांब्यांचाही व्हावयास हवा. प्रत्येक मोठ्या बसस्थानकाभोवती चालण्याचे अंतर निश्चित करून त्या क्षेत्राचा एकच आराखडा करता येईल. त्यात चालण्याचा मोकळा पट्टा, रस्ता ओलांडण्याची सपाट जागा, विक्रेत्यांसाठी आखलेल्या चौकोनी जागा, दुचाकींना मज्जाव, पाण्याचा निचरा व दिवाबत्ती या गोष्टी असाव्यात. महामंडळ, महानगरपालिका, पोलिस आणि नगर पथविक्रेता समिती यांनी तो एकत्र बसून मंजूर करावा आणि त्याची देखभाल एका निश्चित अधिकाऱ्याकडे सोपवावी.

असा आराखडा झाल्यास त्याची कसोटीही साधी असेल. पहाटे फुलांची टोपली घेऊन कृष्णराजेंद्र मार्केटला उतरणारी विक्रेती आणि त्याच थांब्यावर उतरून कामाला निघालेली तिची ग्राहक, या दोघींनाही रस्त्यावर न उतरता पदपथावरून पुढे जाता आले, तर बसवर खर्च केलेला पैसा सार्थकी लागला असे म्हणता येईल.